रोन खोऱ्यातील वाइन

रोन खोऱ्यातील वाइन म्हणजे आग्नेय फ्रान्समधील रोन नदीच्या दोन्ही काठांवर, व्हियेन शहरापासून दक्षिणेस आव्हियोंच्या परिसरापर्यंत पसरलेल्या द्राक्षबागांतील फळांपासून तयार होणारी वाइन होय. हा पट्टा सुमारे २०० कि.मी. लांबीचा आहे. त्याचे उत्तर रोन व दक्षिण रोन असे दोन भाग पडतात. उत्तरेत नदीकाठच्या तीव्र उतारांवर प्रामुख्याने सिरा या काळ्या द्राक्षाची लागवड होते. दक्षिणेत विस्तीर्ण मैदानांवर व टेकड्यांवर ग्रनाश हा मुख्य वाण असून त्याच्या जोडीला अनेक वाणांचे मिश्रण केले जाते. एकूण उत्पादनापैकी सुमारे ९५ टक्के वाइन दक्षिण भागात तयार होते. उत्तरेचा वाटा लहान असला तरी कोत-रोती, एर्मिताज व कोंद्रिय ही तेथील नावे जगभर प्रसिद्ध आहेत.

वाइनच्या इतिहासात या खोऱ्याचे महत्त्व दोन घटनांमुळे विशेष आहे. १८६० च्या दशकात युरोपातील द्राक्षशेती उद्ध्वस्त करणारी फिलॉक्सेरा ही कीड फ्रान्समध्ये सर्वप्रथम याच खोऱ्यात आढळली. त्यानंतर माजलेल्या भेसळीला व खोट्या नावांना आळा घालण्यासाठी येथील बागाईतदारांनी १९२० च्या दशकात जे नियम स्वतःवर लादून घेतले, ते पुढे फ्रान्सच्या ‘नियंत्रित मूळस्थान-नाव’ या कायद्याचा एक प्रमुख आधार ठरले.

नदी आणि प्रदेश

रोन नदी स्वित्झर्लंडमधील रोन हिमनदीतून उगम पावते, जिनिव्हा सरोवरातून वाहत फ्रान्समध्ये प्रवेश करते आणि ल्यों येथे सोन नदीला मिळाल्यावर सरळ दक्षिणेकडे वळते. कामार्ग या त्रिभुज प्रदेशातून ती भूमध्य समुद्रास मिळते. नदीची एकूण लांबी सुमारे ८१० कि.मी. असली, तरी ‘रोन खोऱ्यातील वाइन’ या संज्ञेत ल्योंच्या दक्षिणेकडील भागाचाच समावेश होतो. स्वित्झर्लंडमध्ये रोनच्या वरच्या खोऱ्यातही द्राक्षबागा आहेत. परंतु त्यांची परंपरा व वाण वेगळे असल्याने त्यांची गणना स्वतंत्रपणे केली जाते.

उत्तर रोनमध्ये नदी मध्य फ्रान्सच्या प्राचीन पठाराच्या पूर्व कडेला खेटून वाहते. तेथील खडक ग्रॅनाइट व शिस्ट या प्रकारांचे आहेत. दरी अरुंद असल्याने द्राक्षबागा उभ्या चढावर, पायऱ्यापायऱ्यांनी लावल्या जातात. वालाँसच्या दक्षिणेस दरी रुंदावते आणि त्यापुढे सुमारे ५० कि.मी. अंतरात द्राक्षवेली फारशा दिसत नाहीत. माँतेलिमारच्या पुढे भूरचना पूर्णपणे बदलते. दक्षिण रोनमध्ये चुनखडी, वाळू, चिकणमाती आणि नदीने आल्प्स पर्वतातून वाहून आणलेले गोल गोटे असे जमिनीचे अनेक प्रकार शेजारीशेजारी आढळतात. पूर्वेला माँ व्हाँतू हा एकाकी पर्वत आणि जिगोंदास गावामागील चुनखडीचे दातेरी सुळके या प्रदेशाची ओळख ठरले आहेत.

हवामान

उत्तर भागात हिवाळा थंड व उन्हाळा उष्ण असतो आणि पाऊस वर्षभर विखुरलेला असतो. दक्षिण भागाचे हवामान भूमध्य सागरी आहे. तेथे उन्हाळा कोरडा व प्रखर उन्हाचा असून पाऊस मुख्यतः शरद ऋतूत, अनेकदा मुसळधार सरींच्या रूपाने पडतो.

दोन्ही भागांना जोडणारा घटक म्हणजे उत्तरेकडून दरीत शिरणारा मिस्त्राल हा थंड व कोरडा वारा. त्याचा वेग कधी कधी ताशी १०० कि.मी.पेक्षाही अधिक असतो आणि तो सलग अनेक दिवस वाहू शकतो. फुलोऱ्याच्या काळात तो कोवळे कोंब मोडतो. मात्र पावसानंतर पाने व घड झटपट सुकवतो आणि त्यामुळे बुरशीजन्य रोगांचे प्रमाण कमी राहते. वेलींची बांधणीही याच वाऱ्याने ठरवली आहे. उत्तरेकडील चढांवर सिराच्या वेली लाकडी खांबांना बांधतात. दक्षिणेत ग्रनाशच्या वेली मांडवावर किंवा तारेवर न चढवता पेल्याच्या आकाराच्या बुटक्या झुडपांप्रमाणे वाढवण्याची जुनी रीत आहे. जमिनीलगत राहिलेल्या अशा वेलीला वाऱ्याचा मारा कमी बसतो.

शातोनफ-द्यु-पाप परिसरातील काही बागांमध्ये जमीन मुठीएवढ्या, तर कधी नारळाएवढ्या गोट्यांनी पूर्णपणे झाकलेली असते. हे गोटे दिवसा तापतात व रात्री ऊब सोडतात. त्याचबरोबर ते खालच्या चिकणमातीतील ओल टिकवून धरतात. कोरड्या उन्हाळ्यात हा दुसरा गुणधर्म अधिक मोलाचा ठरतो.

इतिहास

प्राचीन काळ

इ.स.पू. ६०० च्या सुमारास ग्रीकांनी भूमध्य समुद्राच्या काठी मासालिया, म्हणजे आजचे मार्सेल, ही वसाहत स्थापन केली आणि रोनच्या मुखाजवळच्या प्रदेशात द्राक्षलागवड व वाइनचा व्यापार सुरू झाला. रोमन काळात व्हियेन हे महत्त्वाचे नगर होते. त्या परिसरात राहणाऱ्या आलोब्रोज या जमातीच्या द्राक्षाचा व राळेचा गंध असणाऱ्या वाइनचा उल्लेख थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इसवी सनाच्या पहिल्या शतकात केला आहे. रोमन सत्तेच्या ऱ्हासानंतर चर्चच्या मठांनी व स्थानिक सरदारांनी द्राक्षशेती टिकवून धरली.

पोपची सत्ता

१३०९ मध्ये पोप पाचवा क्लेमेंट आव्हियों येथे आला आणि १३७७ पर्यंत पोपचे पीठ रोमऐवजी या शहरात राहिले. क्लेमेंटनंतरचा पोप बावीसावा जॉन (कार्यकाळ १३१६–१३३४) याने आव्हियोंच्या उत्तरेस टेकडीवर उन्हाळी निवासासाठी गढी बांधली व भोवतालच्या द्राक्षशेतीला उत्तेजन दिले. शातोनफ-द्यु-पाप या नावाचा अर्थ ‘पोपची नवी गढी’ असा होतो. मात्र गावाचे हे अधिकृत नाव फार जुने नाही. पूर्वी त्याला शातोनफ-काल्सेर्निए असे म्हणत. काल्सेर्निए हा शब्द तेथील चुन्याच्या भट्ट्यांशी निगडित आहे. आजचे नाव १८९३ मध्ये देण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने गढीचा बराचसा भाग सुरुंगाने उडवला. आज तिच्या मनोऱ्याची एक बाजू तेवढी उभी आहे.

पिंपांवरील अक्षरे

रोनच्या उजव्या काठावरील रोकमोर हे नदीबंदर सतराव्या व अठराव्या शतकांत वाइनच्या निर्यातीचे मोठे केंद्र होते. येथील वाइनला चांगला भाव मिळत असल्याने इतर प्रदेशांतील वाइन याच नावाने विकली जाऊ लागली. त्यावर उपाय म्हणून १७३७ मध्ये राजाज्ञा निघाली. तिच्यानुसार विक्रीसाठी किंवा वाहतुकीसाठी बाहेर पडणाऱ्या प्रत्येक लाकडी पिंपावर ‘कोत द्यु रोन’ या नावाची तीन आद्याक्षरे तप्त लोखंडाने डागणे बंधनकारक झाले. त्या वेळी हे नाव केवळ उजव्या काठावरील काही गावांपुरते मर्यादित होते. एकोणिसाव्या शतकात डाव्या काठावरील गावांनाही ते लागू झाले.

फिलॉक्सेरा

१८६३ मध्ये रोकमोरजवळील प्युजो या गावात वेली अनाकलनीय रीतीने वाळू लागल्याचे दिसून आले. पाने पिवळी पडून गळत, पुढील हंगामात घड धरत नसे आणि दोनतीन वर्षांत वेल मरून जाई. मेलेल्या वेली उपटून पाहिल्या असता मुळे कुजलेली आढळत, परंतु कारण सापडत नसे. जुलै १८६८ मध्ये माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ जूल-एमिल प्लांशाँ यांचा समावेश असलेल्या पथकाने सँ-रेमी परिसरात मृत वेलींऐवजी त्यांच्या शेजारच्या, वरवर निरोगी दिसणाऱ्या वेलींची मुळे उकरून पाहिली. त्या मुळांवर रस शोषणारे सूक्ष्म पिवळसर कीटक आढळले. वेल मेली की कीड पुढच्या वेलीकडे सरकत असे. म्हणूनच मृत वेलींच्या तपासणीत ती सापडत नव्हती.

मावा किडीशी नाते असलेला हा कीटक मूळचा उत्तर अमेरिकेतील असून तिकडून आणलेल्या द्राक्षवेलींबरोबर तो फ्रान्समध्ये आला होता. अमेरिकन वेली त्याच्यासमवेत उत्क्रांत झाल्या असल्याने त्याचा हल्ला सोसू शकतात. युरोपीय द्राक्षवेलीच्या मुळांत तसा प्रतिकार नसतो. फ्रान्सचे वाइन उत्पादन १८७५ मध्ये सुमारे ८.४५ कोटी हेक्टोलिटर होते. १८८९ मध्ये ते सुमारे २.३४ कोटी हेक्टोलिटरपर्यंत घसरले. सरकारने उपाय शोधणाऱ्यास तीन लाख फ्रँकचे पारितोषिक जाहीर केले, परंतु ते कोणालाही दिले गेले नाही. जमिनीत कार्बन डायसल्फाइड टोचणे, हिवाळ्यात बागेत कित्येक आठवडे पाणी तुंबवून ठेवणे, किडीला न मानवणाऱ्या वाळूच्या जमिनीत लागवड करणे असे अनेक मार्ग अवलंबण्यात आले. रोनच्या मुखाकडील सखल भागात पाणी तुंबवण्याचा उपाय काही प्रमाणात यशस्वीही झाला. मात्र कोत-रोती किंवा एर्मिताजसारख्या उभ्या चढांवर तो अशक्य होता.

अखेरीस अमेरिकन वेलीच्या खुंटावर युरोपीय वाणाचे कलम करणे हाच टिकाऊ उपाय ठरला. ज्या देशातून कीड आली, त्याच देशाच्या वेलींची मुळे वापरून युरोपची द्राक्षशेती पुन्हा उभी राहिली. आज रोन खोऱ्यातील जवळजवळ सर्व बागा कलमी आहेत.

नावासाठीची लढाई

बागा नष्ट झाल्याने निर्माण झालेली तूट भरून काढण्यासाठी बाजारात बेदाण्यांपासून, साखरेच्या पाण्यापासून किंवा दूरवरून आणलेल्या मालापासून केलेली वाइन प्रसिद्ध गावांच्या नावाने विकली जाऊ लागली. नव्या कलमी बागा उत्पन्न देऊ लागल्यावर भाव कोसळले आणि प्रामाणिक बागाईतदार दुहेरी संकटात सापडला. १९०५ मध्ये फ्रान्सने भेसळविरोधी कायदा केला. १९१९ च्या कायद्याने मूळस्थानाच्या नावावरील हक्क न्यायालयात मागण्याची मुभा दिली. तथापि केवळ गावाची हद्द सांगितल्याने प्रश्न सुटत नव्हता. त्या हद्दीत वाटेल ते द्राक्ष वाटेल त्या जमिनीत लावून कितीही उत्पादन काढता येत होते.

शातोनफ-द्यु-पाप येथील बागाईतदारांनी १९२३ मध्ये शातो फोर्तिया या वाइनघराचे मालक प्येर ल र्वा द ब्वासोमारिए (१८९०–१९६७) यांच्याकडे नेतृत्व सोपवले. शिक्षणाने वकील असलेले ल र्वा पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होते. त्यांच्या पुढाकाराने जी नियमावली तयार झाली, तिची मुख्य कलमे अशी होती : लागवडीची जमीन निश्चित असावी, ठरावीक वाणच लावावेत, छाटणी व वेलीची बांधणी ठरावीक पद्धतीची असावी, वाइनमध्ये नैसर्गिक मद्यांश किमान मर्यादेइतका असावा, आणि तोडणीच्या वेळी खराब घड वेगळे काढून टाकावेत. जमीन ठरवण्यासाठी वापरलेली कसोटी उल्लेखनीय आहे. ज्या रुक्ष जमिनीत लॅव्हेंडर व थाइम या सुगंधी वनस्पती एकत्र उगवतात, ती द्राक्षाला योग्य मानली गेली. इतर पिकांना उपयोगी पडणारी सुपीक जमीन त्यामुळे आपोआप वगळली गेली.

या सीमांना विरोध झाला आणि प्रकरण अनेक वर्षे न्यायालयांत चालले. १९३३ मध्ये निकाल बागाईतदारांच्या बाजूने लागला. ३० जुलै १९३५ च्या अध्यादेशाने फ्रान्समध्ये ‘नियंत्रित मूळस्थान-नाव’ ही व्यवस्था व तिची राष्ट्रीय समिती अस्तित्वात आली. सिनेटर जोझेफ काप्यु हे तिचे पहिले अध्यक्ष होते. ल र्वा यांनी १९४७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९६७ पर्यंत, तिचे अध्यक्षपद सांभाळले. १५ मे १९३६ रोजी मान्यता मिळालेल्या पहिल्या काही नावांमध्ये रोन खोऱ्यातील शातोनफ-द्यु-पाप व ताव्हेल ही दोन नावे होती. ‘कोत द्यु रोन’ या व्यापक नावाला १९३७ मध्ये मान्यता मिळाली.

द्राक्षवाण

सिरा : उत्तर रोनमधील एकमेव काळा वाण. याची वाइन गडद रंगाची, मिरीसारख्या वासाची व दीर्घकाळ टिकणारी असते. नावातील साम्यावरून हा वाण इराणमधील शिराझ शहरातून आला असावा, अशी दंतकथा दीर्घकाळ प्रचलित होती. १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील डेव्हिस व फ्रान्समधील माँपेलिए येथील संशोधकांनी केलेल्या डीएनए चाचण्यांतून तो द्युरेझा व मोंदझ ब्लाँश या आग्नेय फ्रान्समधीलच दोन वाणांच्या नैसर्गिक संकरातून निर्माण झाल्याचे सिद्ध झाले.

ग्रनाश : मूळचा स्पेनमधील वाण. उष्णता, वारा व पाण्याचा ताण तो चांगला सहन करतो. त्याच्या मण्यांत साखर भरपूर साठत असल्याने वाइनमध्ये मद्यांश अधिक येतो; रंग मात्र तुलनेने फिका असतो.

मूर्व्हेद्र : हाही स्पेनमधून आलेला, उशिरा पिकणारा काळा वाण. तो मिश्रणाला रंग, टॅनिनचा तुरटपणा व टिकाऊपणा देतो. ग्रनाश, सिरा व मूर्व्हेद्र यांचे मिश्रण आता ऑस्ट्रेलिया व अमेरिकेतही लोकप्रिय आहे.

व्हियोन्ये : जर्दाळू व फुलांच्या सुगंधासाठी ओळखला जाणारा पांढरा वाण.

मार्सान व रूसान : एर्मिताज, क्रोज-एर्मिताज, सँ-जोझेफ व सँ-पेरे येथील पांढऱ्या वाइनचे वाण. मार्सान वाइनला भरदारपणा देतो, तर रूसान सुगंध व आंबटपणा देतो.

यांखेरीज सँसो, कारिन्यान, क्लेरेत, बुर्बुलांक इत्यादी वाण दक्षिणेत वापरले जातात. शातोनफ-द्यु-पापच्या नियमांत परंपरेने १३ वाणांना परवानगी आहे. एकाच वाणाचे वेगवेगळ्या रंगांचे प्रकार स्वतंत्र मोजल्यास ही संख्या १८ होते.

उत्तर रोन

कोत-रोती या नावाचा अर्थ ‘भाजलेला उतार’ असा आहे. आँप्युई गावाच्या मागील हा उतार आग्नेयाभिमुख असून त्यावर कोरड्या दगडांचे गडगे रचून अरुंद पायऱ्या केल्या आहेत. यंत्र चालवणे शक्य नसल्याने बहुतेक कामे हातांनी करावी लागतात. येथील सिरामध्ये २० टक्क्यांपर्यंत व्हियोन्ये मिसळण्यास परवानगी आहे. मात्र दोन्ही द्राक्षे एकाच टाकीत एकत्र आंबवावी लागतात. दोन महायुद्धांत मनुष्यहानी झाल्यावर व कारखान्यांत नोकऱ्या उपलब्ध झाल्यावर हे कष्टाचे चढ ओस पडू लागले. विसाव्या शतकाच्या मध्याला येथे शंभर हेक्टरांहूनही कमी लागवड उरली होती. १९७० नंतर भाव सुधारल्यावर जुने गडगे पुन्हा बांधण्यात आले.

कोंद्रिय येथे केवळ व्हियोन्येची पांढरी वाइन होते. १९६० च्या दशकात येथील क्षेत्र १० ते १२ हेक्टरांपर्यंत घसरले आणि हा वाणच नामशेष होण्याची भीती निर्माण झाली. जॉर्ज व्हेर्ने यांच्यासारख्या थोड्या बागाईतदारांनी चढावरील बागा सोडल्या नाहीत. आज कोंद्रियमध्ये सुमारे २०० हेक्टर लागवड आहे आणि व्हियोन्ये अनेक खंडांत पोहोचला आहे. शेजारचे शातो-ग्रिये हे सुमारे साडेतीन हेक्टरांचे, एकाच मालकाकडे असलेले स्वतंत्र मूळस्थान-नाव असून फ्रान्समधील सर्वांत लहान नावांत त्याची गणना होते.

एर्मिताज ही तँ-लेर्मिताज गावामागील टेकडी आहे. या ठिकाणी नदी किंचित पूर्वेकडे वळत असल्याने टेकडीला दक्षिणेचे ऊन मिळते आणि डाव्या काठावर असूनही तिच्या मोठ्या भागात उजव्या काठासारखा ग्रॅनाइट आढळतो. एर्मिताज म्हणजे संन्याशाची कुटी. तेराव्या शतकात युद्धाला कंटाळलेला गास्पार द स्तेरिंबेर हा सरदार येथे विरक्त होऊन राहिला, अशी आख्यायिका आहे. माथ्यावर लहान प्रार्थनामंदिर आहे. टेकडीवरील लागवड सुमारे १४० हेक्टर इतकीच असल्याने ती वाढवण्यास वाव नाही.

क्रोज-एर्मिताज हे टेकडीभोवतालच्या गावांचे, उत्तर रोनमधील सर्वांत मोठे नाव आहे. उजव्या काठावरील कोर्नासमध्ये केवळ सिराची लाल वाइन होते, तर सँ-पेरे पांढऱ्या व फेसाळ वाइनसाठी प्रसिद्ध आहे. सँ-जोझेफ या नावाला १९५६ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते मोजक्या गावांपुरते होते. १९६९ मध्ये त्याचा मोठा विस्तार होऊन सपाट व पठारी जमिनींचाही समावेश झाला आणि दर्जाविषयी तक्रारी वाढल्या. १९९० च्या दशकात सीमा पुन्हा आवळून लागवड उतारांपुरती आणण्याचा निर्णय घेण्यात आला.

दक्षिण रोन

शातोनफ-द्यु-पाप हे दक्षिणेतील सर्वांत ख्यातनाम नाव असून त्याचे क्षेत्र सुमारे ३,२०० हेक्टर आहे. येथे घड हातांनीच तोडावे लागतात. हेक्टरी उत्पादनाची मूळ मर्यादा ३५ हेक्टोलिटर, म्हणजे एकरी सुमारे १,४०० लिटर इतकी आहे. वाइनमध्ये मद्यांश किमान १२.५ टक्के असावा लागतो. लाल व पांढरी वाइन करता येते, परंतु गुलाबी वाइनला हे नाव लावता येत नाही. १९५४ मध्ये गावाच्या महापौरांनी उडत्या तबकड्यांना गावाच्या हद्दीत उतरण्यास बंदी घालणारा फतवा काढला होता. गावाच्या प्रसिद्धीला त्याचा बराच उपयोग झाला.

नदीच्या उजव्या काठावरील ताव्हेलमध्ये केवळ गुलाबी वाइन तयार होते. शेजारच्या लिराकमध्ये तिन्ही रंगांच्या वाइन होतात. डाव्या काठावर जिगोंदास (मान्यता १९७१) व व्हाकेरास (१९९०) ही गावे आहेत. ती पूर्वी ‘कोत द्यु रोन’ या सर्वसाधारण नावाखाली वाइन विकत असत आणि अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर त्यांना स्वतःचे नाव मिळाले. बोम-द-व्हेनीज हे गाव मस्कत द्राक्षाच्या गोड वाइनसाठी ओळखले जाते; द्राक्षरस आंबत असतानाच त्यात मद्यार्क मिसळून तिची नैसर्गिक गोडी राखली जाते.

दक्षिणेतील आजचा भूदृश्य-पट सर्वस्वी प्राचीन नाही. फेब्रुवारी १९५६ मधील कडाक्याच्या थंडीत येथील ऑलिव्हची असंख्य झाडे मेली आणि अनेक शेतकऱ्यांनी त्या जमिनीत द्राक्षवेली लावल्या. लहान बागाईतदार आपली द्राक्षे गावच्या सहकारी वाइनघरात देतात. या भागातील उत्पादनात सहकारी संस्थांचा वाटा मोठा आहे.

नावांची उतरंड

रोन खोऱ्यातील मूळस्थान-नावे ढोबळमानाने तीन पायऱ्यांची आहेत. सर्वांत खाली ‘कोत द्यु रोन’ हे संपूर्ण पट्ट्याचे नाव आहे. त्यावर ‘कोत द्यु रोन व्हिलाज’ ही पायरी असून तिच्यासाठी उत्पादनाची मर्यादा व मिश्रणाचे नियम अधिक कडक आहेत. ठरावीक गावांना या नावापुढे आपले नाव जोडता येते. सर्वांत वर ‘क्र्यू’ म्हणून ओळखली जाणारी ठिकाणे येतात. त्यांच्या बाटलीवर ‘रोन’ हा शब्द ठळकपणे नसला, तरी गावाचे किंवा टेकडीचे नाव पुरेसे मानले जाते. व्हाँतू, ल्युबेराँ, कोस्तिएर द नीम इत्यादी सीमेलगतच्या प्रदेशांना स्वतंत्र नावे आहेत. एखाद्या गावाला वरच्या पायरीवर जाता येते. त्यासाठी बागाईतदारांना जमिनीचे सर्वेक्षण, वाइनची चाचणी व कमी उत्पादनाची अट मान्य करावी लागते.

नावाचे मोल

एकोणिसाव्या शतकात बोर्दोचे व्यापारी आपल्या फिक्या वाइनला रंग व जोर यावा म्हणून तिच्यात एर्मिताजची वाइन मिसळत आणि अशा वाइनला ‘एर्मिताजे’ केलेली म्हणत. त्या वेळी ही लपवण्याची गोष्ट नव्हती, उलट त्यामुळे भाव वाढत असे. आजच्या नियमांनुसार अशी वाइन बोर्दोच्या नावाने विकता येत नाही. ऑस्ट्रेलियात सिराला दीर्घकाळ ‘हर्मिटेज’ म्हणत. तेथील पेनफोल्ड्स कंपनीच्या ‘ग्रेंज हर्मिटेज’ या प्रसिद्ध वाइनच्या नावातून दुसरा शब्द १९९० च्या हंगामापासून वगळण्यात आला.

नाव हे ओझेही ठरू शकते, याचे उदाहरण दक्षिण रोनच्या उत्तर टोकाला घडले. तेथील ‘कोतो द्यु त्रिकास्तँ’ या वाइनचे नाव परिसरातील अणुऊर्जा केंद्राच्या नावाशी मिळतेजुळते होते. जुलै २००८ मध्ये केंद्राच्या आवारातून युरेनियमयुक्त पाण्याची गळती झाल्यावर वाइनची मागणी घटली. बागाईतदारांच्या मागणीवरून २०१० मध्ये हे नाव बदलून ‘ग्रिन्याँ-लेझ-आदेमार’ असे करण्यात आले. जमीन, वाण व पद्धत तीच राहिली.

हवामानबदल

वाढत्या तापमानामुळे तोडणीचा हंगाम अलीकडे सरकला आहे. मण्यांतील साखर लवकर वाढते, तर साल व बियांतील टॅनिन पक्व होण्यास वेळ लागतो. परिणामी वाइनमधील मद्यांश वाढतो व आंबटपणा घटतो. साखर भरपूर साठवणाऱ्या ग्रनाशमध्ये ही अडचण विशेष जाणवते. दुसरीकडे उबदार हिवाळ्यामुळे डोळे लवकर फुटतात आणि उशिरा येणाऱ्या दहिवराच्या तडाख्यात सापडतात. एप्रिल २०२१ मधील दहिवराने रोन खोऱ्यातील बागांचे मोठे नुकसान केले. उत्तरेकडे तोंड असलेल्या किंवा अधिक उंचीवरील जमिनी निवडणे, मिश्रणात उशिरा पिकणाऱ्या मूर्व्हेद्रचा व पांढऱ्या वाणांचा वाटा वाढवणे असे उपाय बागाईतदार करीत आहेत. मात्र कोणते वाण कोठे लावावेत हे मूळस्थान-नावाच्या नियमांनी ठरलेले असल्याने प्रत्येक मोठ्या बदलासाठी नियमांतही बदल करावा लागतो. खोट्या नावांपासून संरक्षण करणारी चौकट बदलत्या हवामानात किती लवचीक ठेवावी, हा येथील बागाईतदारांसमोरचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राशी संबंध

रोन खोऱ्यातील सिरा हा वाण नाशिक परिसरात ‘शिराझ’ या नावाने लावला जातो व लाल वाइनसाठी वापरला जातो. व्हियोन्येचीही तेथे लागवड झाली आहे. दोन्ही प्रदेशांतील हंगाम मात्र भिन्न आहेत. रोनमध्ये वेली हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात, वर्षातून एकदा मुख्य छाटणी होते आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात तोडणी होते. महाराष्ट्रात थंडी सौम्य असल्याने वेल पूर्णपणे सुप्त होत नाही. त्यामुळे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी व पावसाळ्यानंतर फळ छाटणी अशा दोन छाट्या कराव्या लागतात आणि वाइनची द्राक्षे साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात.

फिलॉक्सेराच्या काळात रूढ झालेले खुंटकलमही महाराष्ट्रात सर्रास वापरले जाते. येथे डॉगरिज हा अमेरिकन खुंट मुख्यतः क्षारयुक्त पाणी व पाण्याचा ताण सोसण्यासाठी निवडला जातो. वाइनच्या द्राक्षांसाठी ‘११० आर’ हा खुंटही वापरात आहे. तो दोन अमेरिकन द्राक्षजातींच्या संकरातून फ्रान्समध्ये तयार करण्यात आला होता. भारताचा भौगोलिक मानांकन कायदा १९९९ मध्ये संमत होऊन २००३ मध्ये अमलात आला. या कायद्याखाली ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंदणी झाली असून ठरावीक प्रदेशाबाहेरच्या वाइनला ते नाव लावता येत नाही.